नाय ताक

माझ्या आजीचा शेवटपर्यंत पक्का समज होता की डेन्मार्क हा देश ताकावर चालतो. हा समज तिला करून दिला माझ्या पप्पांनी, आणि तोसुद्धा एकच शब्द बोलून. डॅनिश भाषेत आभार मानायचे तर ‘ताक’ म्हणतात. लिहायला कसंही असो, कानाला ताकच. पाणी दिलं, ताक. मीठ सरकवलं, ताक. जेवण संपलं की ‘ताक फॉर मॅद’, म्हणजे जेवणाबद्दल आभार. हे म्हटल्याशिवाय तिकडचं पोर टेबलावरून उठत नाही. माझे पप्पा येन्स जहाजांच्या तपासणीच्या नोकरीवर डेन्मार्कहून सिंगापूरला आलेले, आणि आई मालती सांगलीहून इथे अकाउंटंट असलेल्या आपल्या भावाकडे आलेली. दोघांनी रजिस्टर लग्न केलं, आणि माझ्या वेळी आजी बाळंतपणाला म्हणून आली ती राहिलीच. आई आतल्या खोलीत बाळंतीण, आणि बाहेर आजीने जावयाला पहिल्यांदा आमटी वाढली. जावई मान लववून म्हणाला, “ताक.” आजीने लगेच ताक आणून ठेवलं. त्याने पुन्हा मान लववली, “ताक.” आजीने पेला भरला. पप्पांना वाटलं, महाराष्ट्रात आभार मानले की माणसाला हे पांढरं पेय देतात, किती छान पद्धत! आजीला वाटलं, गोरा असला तरी माणूस घरंदाज आहे, ताकाशिवाय त्याचा घास उतरत नाही.

खरी गंमत आईची. तिला दोन्ही बाजू ठाऊक होत्या. मोठी झाल्यावर मी तिला विचारलं, “आई, तू सांगितलं का नाहीस कधी?” तर म्हणाली, “अगं, दोघं खूश होते. मी कशाला मध्ये पडू?” आई अशीच. कमी बोलायची, आणि बोलली नाही ते आम्हाला फार उशिरा कळायचं.

आम्ही तेव्हा जुरोंगच्या बाजूला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. आता तिथे मॉल झालेत, एमआरटीचं, म्हणजे मेट्रोचं, मोठं स्टेशन झालंय. तेव्हा बसमधून उतरलं की लाल माती आणि समोर क्रेन दिसायच्या. सकाळी तमिळ दूधवाला सायकलची घंटी वाजवायचा, आणि त्यानंतर थोड्या वेळाने आजीची रवी सुरू व्हायची. स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या गजाला तिने दोरी बांधली होती, आणि घुसळण्याचा तो घुर्रर्र-घुर्रर्र आवाज वरच्या मजल्यावरच्या चिनी काकूंपर्यंत जायचा. त्या मला जिन्यात विचारायच्या, “युअर ग्रॅनी गॉट मशीन आह?” पप्पांचं एक फडताळ वेगळं होतं. त्यात खारवलेल्या माशाच्या बरण्या असायच्या आणि काळा आंबूस ब्रेड, जो पप्पा रविवारी स्वतः भाजायचे. आजी त्या फडताळाला हात लावायची नाही, पण पावसाळी हवेत ब्रेडला बुरशी येऊ नये म्हणून त्यावर पंचा मात्र तीच झाकायची. म्हणायची, “आपलं नाही, पण अन्न आहे.” माझ्या वाढदिवसाला आधी पाटाभोवती रांगोळी आणि औक्षण, मग टेबलावर लाल-पांढरा डॅनिश झेंडा. माझं नाव सिग्ने. आजीच्या जिभेवर ते बसेना, म्हणून मी सगुणा झाले, आणि पप्पा तिचे येन्सराव.

डॅनिश नाती ऐकून आजी हरखली होती. वडिलांची आई ती फारमोर, आईची आई ती मोरमोर. आत्या वेगळी, मावशी वेगळी, काका वेगळा आणि मामा वेगळा, सगळ्यांना वेगवेगळे शब्द. आजी म्हणाली, “शहाणी माणसं दिसतायत. इंग्रजांसारखं ज्याला त्याला अंकल नि आंटी नाही.” तेव्हापासून डेन्मार्क तिच्या लेखी आपल्यातला झाला.

आता पासिर रिसच्या माझ्या फ्लॅटमध्ये बसून हे लिहिते आहे तर नात मागून डोकावतेय. “आजी, so many ताक, cannot lah!” म्हणते. तिला सांगते, थांब, अजून खूप ताक यायचंय. आमच्या गणपतीत पुण्याहून नवीन आलेली इंजिनिअर मुलं माझं मराठी ऐकून चकित होतात. म्हणतात, काकू, तुम्ही अजून ‘इस्त्रीवाल्याकडे टाकलेलं लुगडं’ म्हणता? आणि डॅनिश पोरं भेटली की तीही हसतात, म्हणतात, तुम्ही आमच्या पणजीसारख्या बोलता. मला दोन्हीचा अभिमान आहे, खरं सांगते. माणूस घर सोडून लांब गेलं की घरातलं जे उचलून आणलेलं असतं ते तसंच्या तसं जपतं. तिकडे मागे राहिलेल्यांना काय, त्यांना रोज नवं मिळतं.

तर मी चौदाची व्हायला आले होते तेव्हाची गोष्ट. पप्पांची आई, माझी फारमोर, पहिल्यांदाच सिंगापूरला येणार असं ठरलं. लग्नाला ती आली नव्हती. लग्न तिला पटलंही नव्हतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मला माहीत होतं. फोनवर ती आईचं नाव न घेता ‘तुझी बायको’ एवढंच म्हणायची. आणि ती नुसती बघायला येत नव्हती, मला न्यायला येत होती. डेन्मार्कमध्ये माझ्या वयाची मुलं वर्षभर घर सोडून एका प्रकारच्या शाळेत राहायला जातात, तशा एका शाळेत तिने माझ्यासाठी जागा ठेवली होती. तिचं म्हणणं पप्पांनी आम्हाला जेवताना सांगितलं: “आई म्हणते, मुलगी तिथे वाढतेय, ती ना धड इकडची ना तिकडची. एक वर्ष म्हणते, पण एकदा गेली की पुढचं शिक्षणही तिकडेच होईल.” पप्पांच्या आवाजात थोडी हौसही होती, ते मला जाणवलं. आजीच्या हातातला डाव तसाच राहिला. “म्हणजे पोरगी जाणार?” आई पानातला भात कालवत म्हणाली, “तिचं ती ठरवेल.” त्या रात्रीनंतर या विषयावर ती अक्षर बोलली नाही. आणि मी? मला बर्फ बघायचा होता, हे कबूल करते. पण ‘ना धड इकडची ना तिकडची’ हे वाक्य चपलेत खडा जावा तसं बोचत राहिलं.

आजीने मात्र कंबर कसली. लग्न रजिस्टर झाल्यामुळे तिला विहिणीची पंगत करायला मिळाली नव्हती. मुलाच्या आईला मान देऊन, रांगोळी काढून, आग्रह करकरून वाढायचं, ते सगळं तिच्या मनात चौदा वर्षं साचलेलं. फारमोर आली त्याच दुपारी आजीने जमिनीवर पाट मांडला. फारमोर उंच, हाडापेराने मोठी, पांढऱ्या केसांची, अंगात घट्ट करडा झगा. ती पाटाकडे आणि पाट तिच्याकडे बघत राहिला. शेवटी पप्पांच्या खांद्याला धरून ती खाली बसली, आणि आजी पदर खोचून समोर उभी राहिली.

“या, विहीणबाई,” आजी म्हणाली, “संकोच करू नका.”

पहिली पुरणपोळी पडली. फारमोर अदबीने म्हणाली, “ताक.”

आजीच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी विसरणार नाही. “ऐकलंस ना? येन्सरावांच्या आईच त्या!” पेला भरून आला. ताकात आलं, कोथिंबीर, हिंग आणि मिरचीचा ठेचा. फारमोरने घोट घेतला, डोळ्यांत पाणी आलं, पण मोठ्या घरची बाई, पेला रिकामा केला आणि म्हणाली, “ताक.” दुसरा पेला. तिसऱ्या वेळी तिने हात आडवा धरला. आता डॅनिशमध्ये ‘नको, आभारी आहे’ म्हणायचं असलं तर काय म्हणतात माहितेय? ‘नाय ताक’. नको म्हणतानाही आभार मानलेच पाहिजेत, एवढी ती माणसं नम्र.

“नाय ताक,” फारमोर म्हणाली.

“नाय कसं?” आजी जवळजवळ दुखावली. “भांडंभर आहे! सगुणे, सांग त्यांना, ताक नाही असं या घरात कधी झालेलं नाही!” आणि पेला काठोकाठ.

“नाय, नाय ताक!”

“अहो आहे हो! हे बघा!” आजीने अख्खं भांडंच उचलून दाखवलं.

पप्पांनी तोंडावर रुमाल धरला होता. आई भिंतीकडे तोंड करून पोळीवर तूप सोडत होती आणि तिचे खांदे हलत होते. मी एकीकडे बघू की दुसरीकडे, अशी मध्ये बसलेली. किती पेले झाले, कुणी मोजले नाहीत. शेवटी फारमोर पप्पांना म्हणाली, “येन्स, या घरात पाहुणा मरेपर्यंत प्यायचं असा नियम आहे का?” मग पप्पांनी दोघींना समजावून सांगितलं. फारमोरला डॅनिशमध्ये, आणि आजीला त्यांच्या मोडक्या मराठीत: “आई, ताक म्हणजे... थँक्यू.” आजीचा अजिबात विश्वास बसला नाही. “काहीतरीच! चौदा वर्षं तुम्ही मला थँक्यू म्हणत होतात? मग पीत कशाला होतात?” पप्पा म्हणाले, “आवडलं.” आजी पदरात तोंड लपवून हसायला लागली. पण मनातून तिने तो खुलासा कधीच मान्य केला नाही, हे मी वर म्हटलंच आहे.

फारमोर मात्र हसली नाही. ती पेल्यात नाक घालून वास घेत होती. “यात मिरची नसेल असं आहे का?” तिने मला विचारलं. मी आजीकडून अळणी ताक आणून दिलं. तिने घोट घेतला आणि डोळे मिटले. “केर्नेमेल्क,” ती म्हणाली. तिच्या लहानपणी शेतावर तिची आई लाकडी पिंपात लोणी काढायची, त्यातून उरायचं ते हे, असं तिने सांगितलं. तिकडे आता खोक्यातलं मिळतं. “हे खोक्यातलं नाही,” ती म्हणाली, आणि आपणहून, कुणी न वाढता, पेला पुढे केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रवीचा आवाज सुरू झाला आणि फारमोर गाऊनवर स्वयंपाकघरात हजर. आजीने तिला दोरीचं एक टोक दिलं. दोन म्हाताऱ्या, एकीच्या तोंडात सांगलीचं मराठी, दुसरीच्या तोंडात खेड्यातलं डॅनिश, आणि दुभाषी मी दात घासत. “त्यांना सांग, झटका देऊ नका, लोणी विरघळतं.” “तिला सांग, माझी आई उलट फिरवायची.” “उलटं कशाला?” “का ते कुणाला माहीत! तिला विचारायला ती जिवंत नाही.” हे ऐकून आजी दोरी धरूनच हसली. मग फारमोरने सांगितलं की या ताकाचं एक गार सार होतं, उन्हाळ्यात सगळ्या डेन्मार्कमध्ये खातात, कोलस्कोल म्हणतात त्याला. लिंबू, साखर, व्हॅनिला, आणि अंड्याचा पिवळा बलक. मी भाषांतर करता करता अंड्यापाशी अडखळले. आजीने दोरी सोडली. “ताकात साखर? आणि अंडं? विहीणबाईंना म्हणावं, वेगळं पातेलं देते, वेगळी पळी देते, आणि मी तेवढा वेळ गॅलरीत जाऊन बसते.” आणि ती खरोखर गॅलरीत जाऊन बसली, पण दारातून मान वाकडी करून सगळं बघत होती.

त्या आठवड्यात डॅनिश लोकांचा उन्हाळ्याचा सण होता. बुकित तिमाहला एका कंपनीच्या साहेबांचा बंगला होता, तिथल्या बागेत सगळे जमायचे, संध्याकाळी होळीसारखा जाळ करायचे आणि गाणी म्हणायचे. पप्पा दरवर्षी तक्रार करायचे, “तिकडे या दिवशी उशिरापर्यंत उजेड असतो. इथे सात वाजले की दिवा मालवल्यासारखा अंधार.” त्या वर्षी फारमोरने कोलस्कोलचं पातेलं बर्फात बसवून बरोबर घेतलं, आणि हट्टाने आजीलाही घेतलं. आजी हिरव्या नऊवारीत, कपाळाला मोठं कुंकू. मी सुती फ्रॉक आणि दोन वेण्या.

बागेत यजमानीणबाई होत्या, फ्रू लुंड, म्हणजे लुंडबाई. मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी माझी हनुवटी धरली आणि फारमोरला डॅनिशमध्ये म्हणाल्या, “गोड आहे. पण चेहरा सगळा आईचा ना? हिच्यात डॅनिश म्हणावं असं काय आहे, बिचारी?” मला सगळं कळतंय हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. मी फारमोरकडे पाहिलं. ती पातेल्यावरचं झाकण सारखं करत होती. तिलाही हाच प्रश्न पडलेला होता, त्यासाठीच तर ती इतक्या लांब आली होती. आजीने माझा हात दाबला. तिला शब्द कळले नव्हते, सूर कळला होता.

मग पानं वाढली गेली आणि लोकांनी कोलस्कोल घेतलं. इथे जन्म काढलेली माणसं ती, कुणी बंदरात, कुणी कचेरीत. सिंगापूरमध्ये तेव्हा ते ताक कुठेच मिळायचं नाही. लोक दुधात व्हिनेगर घालून भागवायचे. एक म्हातारे कप्तान वाटी संपवून उभेच राहिले. मग रांग लागली. फ्रू लुंड वाटी हातात घेऊन आमच्याकडे धावत आल्या. “हे केर्नेमेल्क कुठून आणलं? विमानातून?”

फारमोरने आजीला दंडाला धरून पुढे ओढलं. “हिने केलं. ही माझी...” आणि ती थांबली. आत्या, मावशी, काका, मामा, सगळ्यांना शब्द असलेल्या त्या भाषेत मुलाच्या सासूला शब्दच नव्हता. फारमोर माझ्याकडे वळली. “सिग्ने, ती मला काय म्हणते गं?”

“विहीणबाई,” मी म्हटलं.

फारमोर ताठ उभी राहिली आणि सगळ्या बागेला ऐकू जाईल असं म्हणाली, “दे एर मिन विहीनबाय.” ही माझी विहीणबाई. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून फ्रू लुंडना म्हणाली, “आणि या मुलीत डॅनिश काय आहे ते तिलाच विचारा. तुमचं बोलणं तिला मघाशीच कळलेलं आहे.” फ्रू लुंड लालबुंद झाल्या. मी आमच्या घरातल्या रीतीने म्हटलं, “ताक फॉर मॅद.” आजूबाजूचे सगळे हसले, त्याही हसल्या, आणि त्यांनी मला मिठी मारली. आजी मला विचारत होती, “पातेलं संपलं का गं? खरवडलं की काय?” संपलं होतं. खरवडलंही होतं.

पण मूळ प्रश्न तसाच होता. दुसऱ्या दिवशी न्याहारीला सगळे बसलो असताना फारमोरने सुरी खाली ठेवली. “सिग्ने, शाळेत जागा आहे. पप्पांकडे बघू नकोस, माझ्याकडे बघून बोलू नकोस. तुला यायचंय का?” आजीला कुणी भाषांतर करून सांगायची गरज नव्हती. मी काय बोलणार हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, खरंच नव्हतं. रात्रभर बर्फ डोळ्यांपुढे होता. आणि मग तोंडातून आलं, डॅनिशमध्येच आलं: “फारमोर, मी येईन. सुट्टीत येईन, तुझ्याकडे राहीन, बर्फ बघेन. पण डॅनिश व्हायला नाही येणार. ती मी आहेच.”

आज इतक्या वर्षांनी हे वाक्य लिहिताना माझी पाठ आपोआप सरळ झाली बघा. चौदा वर्षांच्या त्या पोरीचं मला अजून कौतुक वाटतं. पुढे आयुष्यात किती जणांनी किती ठिकाणी विचारलं, तुम्ही नेमक्या कोण. एवढं चांगलं उत्तर मला परत कधी सुचलं नाही.

फारमोर बराच वेळ ब्रेडचे तुकडे करत राहिली. मग पप्पांना म्हणाली, “येन्स, शाळेला कळव. जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणावं.” पप्पांनी मान हलवली. ते खिडकीकडे बघत होते. मला वाटतं, त्यांना सुटल्यासारखंही झालं आणि थोडं दुखलंही. आजीने माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली, आणि ती देवासमोर जाऊन उभी राहिली.

आई उठली. न बोलता आत गेली आणि कपाटाच्या मागून एक पिशवी घेऊन आली. पिशवीत स्वेटर होता, गडद निळा, जाड लोकरीचा. जुरोंगच्या उकाड्यात तिने लोकर कुठून आणली, कधी विणला, कुणालाच पत्ता नव्हता. सगळं बघणाऱ्या आजीलाही नाही. वाढतं अंग म्हणून बाह्या लांब ठेवल्या होत्या, घेरही मोठा धरला होता. आईने तो फारमोरपुढे धरला. आई फारशी डॅनिश बोलायची नाही, पण तेव्हा हळू, एकेक शब्द जुळवून बोलली: “ती हो म्हणाली असती तर तिला थंडी वाजली असती. आता तुम्हाला होतो का बघा.”

मला जाऊ द्यायची तयारी तिने टाक्याटाक्याने केली होती, आणि मी तिच्या गप्प बसण्याचा अर्थ भलताच घेत होते.

फारमोरने तो स्वेटर तिथेच डोक्यातून घातला. बाह्या बरोबर मनगटापर्यंत आल्या. घामाच्या धारा लागल्या, पप्पांनी पंखा वाढवला, आजी म्हणाली, “अहो विहीणबाई, काढा, घेरी येईल!” पण ती ऐकेना. दुपारी बाजारात आली तीही तोच घालून. मासेवाला, भाजीवाल्या चिनी बायका, बसची वाट बघणारी माणसं, सगळे वळून वळून बघत होते, आणि ही उंच, लाल झालेली बाई प्रत्येकापुढे बाही धरून थांबत होती आणि कुणाला कळो न कळो, डॅनिशमध्ये सांगत होती, “माझ्या सुनेने विणलाय.”